एकाच पदवीत मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्र : प्रस्तावना

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात काही संशोधक रस्त्यावरच्या बाजारात गिऱ्हाईक होऊन फिरत होते. आईवडिलांना विक्रीत मदत करणारी पाच मुले त्यांनी हेरली होती. त्यांतल्या बारा वर्षांच्या एका नारळवाल्या मुलाला त्यांनी विचारले, चार नारळांचे किती झाले? एक नारळ ३५ क्रुझेरोला होता. मुलाने तोंडीच जमवले: तीन नारळांचे १०५, त्यात ३० मिळवले की १३५, राहिलेले ५ धरून १४०. हिशेब चोख होता. काही दिवसांनी त्याच मुलाला कागद-पेन्सिल देऊन ३५ गुणिले ४ हे गणित घातले. तो मोठ्याने बोलत सोडवू लागला: चार पाचे वीस, हातचे दोन, दोन आणि तीन पाच, चार पाचे वीस. कागदावर उत्तर उमटले २००.

तेरेझिन्या नुनेस, डेव्हिड कॅराहर आणि अनालुसिया श्लीमन यांनी १९८५ मध्ये हे काम प्रसिद्ध केले. बाजारातल्या व्यवहारात या मुलांची ९८ टक्के उत्तरे बरोबर होती. तीच आकडेमोड शाळेच्या पद्धतीने समोर ठेवली तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ३७ टक्क्यांवर आले. मुले फक्त पाच होती, त्यामुळे या आकड्यांवर फार मोठा इमला बांधता येत नाही. पण २०२५ मध्ये अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी व एस्तेर दुफ्लो, मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ स्पेल्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीतल्या बाजारांत काम करणाऱ्या हजाराहून अधिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि चित्र तसेच निघाले. बाजारातली मुले गुंतागुंतीचा व्यवहार मनातल्या मनात सोडवत होती आणि शाळेच्या साध्या वजाबाकी-भागाकारापाशी अडखळत होती. त्याला एक नवी जोडही मिळाली: जी मुले फक्त शाळेत जात होती, त्यांना वहीतली गणिते येत होती, पण बाजारातला हिशेब जमत नव्हता.

मानसशास्त्राचा विद्यार्थी हे वाचताना मुलाच्या डोक्यात काय चालले होते ते विचारतो. तीन-तीनचे गठ्ठे करण्याची युक्ती त्याने कुठून आणली, हातचा गुणाकाराआधीच मिळवण्याची चूक कशी घडते, कागद पुढे आल्यावर अर्थाचा धागा का तुटतो? शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्याला वेगळेच प्रश्न पडतात. त्या मुलाच्या हिशेबाला शाळेने जागा का दिली नाही? गणित म्हणजे कागदावरची उभी मांडणी हे कोणी ठरवले, आणि त्या ठरवण्यात नारळ विकणाऱ्यांच्या घरचे कोणी होते का? पहिल्या प्रश्नांची उत्तरे मिळाली आणि दुसरी राहिली, तर आपण त्या मुलाला हातचा नीट शिकवू आणि बाकी सगळे जसेच्या तसे ठेवू. उलट झाले, तर शाळेवर घणाघाती टीका होईल आणि ३५ गुणिले ४ तसेच चुकत राहील. हे पुस्तक ज्या पदवी विद्यार्थ्यांसाठी आहे, त्यांनी हे दोन्ही प्रश्न एका दमात विचारायला शिकावे असे मला मनापासून वाटते.

एका ठिकाणी शिकलेले दुसऱ्या ठिकाणी कामी येते की नाही, या प्रश्नाला आपल्याकडच्या बी.एड.च्या पुस्तकांत ‘अध्ययन संक्रमण’ म्हणतात. प्रकरण सहसा छोटे असते, प्रकार पाठ करायचे असतात, आणि परीक्षेनंतर ते विसरले जाते. माझ्या मते या दोन विषयांची एकत्र पदवी असावी की नाही, हा वादच मुळात संक्रमणाचा आहे. शिक्षक होऊ पाहणाऱ्याला मानसशास्त्राचा एक पेपर वेगळा शिकवायचा आणि तो वर्गात आपोआप वापरला जाईल अशी आशा करायची, ही आपली शंभर वर्षांची रीत आहे. पाव्हलॉव्हचा कुत्रा, थॉर्नडाइकची मांजर आणि कोहलरचा चिंपांझी पाठ झालेल्या शिक्षकासमोर तिसरीतली एक मुलगी ‘क’ आणि ‘फ’ मध्ये गोंधळते तेव्हा त्या तीन प्राण्यांपैकी कोणीही त्याच्या मदतीला येत नाही. दोष त्या शिक्षकाचा नाही. जे वेगवेगळे शिकवले ते डोक्यात वेगवेगळेच राहिले.

हे दोन विषय जन्मले तेव्हा इतके दूर नव्हते. जर्मन तत्त्वज्ञ योहान हर्बार्ट १८०९ मध्ये क्योनिग्सबर्गला गेला, ज्या अध्यासनावर पूर्वी कांट होता तिथे. शिक्षणाची उद्दिष्टे नीतिशास्त्राने ठरवावीत आणि मार्ग मानसशास्त्राने दाखवावा, ही त्याची मांडणी. अध्यापक विद्यालयात पाठ टाचणाच्या ज्या ठरीव पायऱ्या गिरवल्या जातात, त्यांची वंशावळ त्याच्या अनुयायांपर्यंत जाते. १८७६ मध्ये स्कॉटलंडच्या एडिंबरा आणि सेंट अँड्र्यूज विद्यापीठांत शिक्षण या विषयाची अध्यासने निघाली. तीन वर्षांनी, १८७९ मध्ये, विल्हेल्म वुंटने लाइपझिगला प्रयोगशाळा उघडली आणि मानसशास्त्र तत्त्वज्ञानाच्या घरातून बाहेर पडले. प्रयोगशाळा मिळाल्यावर या विषयाला शास्त्र म्हणून मान मिळू लागला; शिक्षणशास्त्र मात्र शिक्षक घडवण्याच्या कामाला जुंपले गेले आणि विद्यापीठात त्याला दुय्यम जागा मिळाली. ही प्रतिष्ठेची दरी अजून बुजलेली नाही.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर अमेरिकेत जे घडले त्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण आजचे निम्मे वाद तिथून आले आहेत. शिकागो विद्यापीठात जॉन ड्यूईकडे जो विभाग होता त्यात तत्त्वज्ञान, मानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्र ही तिन्ही एकत्र नांदत होती. १८९६ मध्ये त्याने विद्यापीठाचीच एक शाळा काढली. तिथे मुले स्वयंपाक करत, विणत, सुतारकाम करत, आणि त्या कामांतून गणित, रसायन, इतिहास उलगडत जाई. ड्यूईच्या लेखी ही शाळा ज्ञान तयार होण्याची जागा होती; दुसरीकडे सिद्ध झालेले नियम लावून पाहण्यापुरती तिची गरज नव्हती. एडवर्ड थॉर्नडाइकची वाट याच्या उलट गेली. मांजरांवरच्या प्रयोगांतून तो शिकण्याच्या नियमांपर्यंत पोचला, न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजात त्याने जवळजवळ सगळी कारकीर्द घालवली, आणि जे मोजता येईल त्यावरच शिक्षणशास्त्र उभे राहील असे धरून चालला. १९०१ मध्ये रॉबर्ट वुडवर्थबरोबर केलेल्या प्रयोगांत त्याने दाखवले की एका कामाचा सराव दुसऱ्या कामात फारच थोडा उतरतो, तोही दोन्हींत सारखे घटक असतील तेवढाच. लॅटिन शिकल्याने बुद्धीला सर्वसाधारण धार येते, या समजुतीला त्यामुळे मोठा तडा गेला. आपल्याकडे संस्कृत आणि बीजगणिताबद्दल हेच अजूनही घरोघर ऐकू येते.

ड्यूई १९०४ नंतर कोलंबिया विद्यापीठात आला. टीचर्स कॉलेज त्याच विद्यापीठाशी जोडलेले, म्हणजे हे दोघे एकाच परिसरात वावरले. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब आंबेडकर तिथे विद्यार्थी होते आणि ड्यूई त्यांचे शिक्षक होते. लोकशाही ही राज्यपद्धतीपलीकडची, एकत्र जगण्याची रीत आहे, हा ड्यूईचा विचार बाबासाहेबांच्या लेखनात पुढे कसा वाढला हे मराठी वाचकाला सांगायला नको. पण ड्यूई आपल्याकडे राजकीय विचारातून पोचला आणि अध्यापक विद्यालयांत थॉर्नडाइक शिकवला गेला, या विभागणीकडे आपण पुरेसे पाहिलेले नाही. शाळा नावाच्या जागेबद्दल ज्याने सर्वांत खोल विचार केला, तो शिक्षकांच्या पाठ्यपुस्तकात दोन ओळींपुरता उरला.

आल्फ्रेड बिने यांची कथा अशीच शिकवणारी आहे. पॅरिसच्या शाळांत ज्या मुलांना वेगळ्या मदतीची गरज आहे ती ओळखावीत, म्हणून त्यांनी थिओडोर सिमों यांच्यासह १९०५ मध्ये चाचणी तयार केली. बुद्धी हा कायमचा ठरलेला आकडा आहे, हे बिने यांना मान्य नव्हते आणि तसे त्यांनी लिहूनही ठेवले. १९११ मध्ये ते गेले. पुढे अमेरिकेत गोडार्ड आणि टर्मन या मानसशास्त्रज्ञांच्या हातात गेल्यावर ती चाचणी माणसे चाळण्याचे साधन झाली. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी तिचे रूपांतर केले, आणि त्यावरचे त्यांचे पुस्तक १९४० मध्ये आले. बिने-कामत चाचणी या नावाने ती अजून वापरात आहे. जी मुले डोळ्यांपुढे ठेवून तिची प्रमाणके बांधली, त्यांची नातवंडेही आज शाळेच्या वयाची राहिलेली नाहीत. चाचणी कशी घ्यायची हे मानसशास्त्र शिकवते. ती घेतल्यावर त्या मुलाचे शाळेत काय होते, त्याला मदत मिळते की शिक्का, हे पाहायला शिक्षणशास्त्र लागते.

मधल्या दशकांतल्या प्रवाहांवरून मी झपाट्याने जातो. पुस्तकात त्यांना भरपूर जागा आहे. स्किनरने वर्तनवाद वर्गात आणला आणि शिकवणारी यंत्रे बनवली. आजची सराव-ॲप त्याच कल्पनेची सुधारित आवृत्ती आहेत. पियाजेने मूल स्वतः ज्ञान रचते हे दाखवले. लेव्ह व्हिगॉट्स्की १९३४ मध्ये अवघ्या ३७व्या वर्षी गेला. पाश्चात्त्य जगाने त्याला खऱ्या अर्थाने वाचले ते १९६० आणि ७०च्या दशकांत, आणि मोठ्यांच्या सोबतीत, भाषेच्या आधाराने मूल कसे पुढे सरकते हा विचार त्याच्यामुळे केंद्रस्थानी आला. जेरोम ब्रूनरने १९६० मध्ये अभ्यासक्रमाची रचना हाच मानसशास्त्राचा विषय केला. हे सगळे ‘वाद’ एकामागोमाग एक येऊन आधीच्याला रद्द करत गेले असे समजू नये. प्रत्यक्ष वर्गात ते एकाच तासाला हजर असतात: पाढ्यांच्या उजळणीत एक, गटकामात दुसरा, गोष्ट सांगताना तिसरा.

भारतात कोलकाता विद्यापीठाने १९१६ च्या सुमारास मानसशास्त्राचा पहिला विभाग सुरू केला. परंतु मूल आणि शाळा यांचा एकत्र विचार विद्यापीठांच्या बाहेर जास्त झाला, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांकडे मॉंटेसरी पद्धतीत तयार झाल्या. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या, आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मॉंटेसरींची महागडी साधने तिथे परवडणारी नव्हती आणि वारली मुलांच्या जगाशी त्यांचा संबंधही नव्हता. म्हणून बिया, शंख-शिंपले, पाने, काड्या ही साधने झाली. मुले शाळेत येईनात तेव्हा शाळा पाड्यावरच्या अंगणात गेली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातही गेली. पुढे १९७५ मध्ये देशभर जी एकात्मिक बालविकास योजना आली, तिच्या अंगणवाडीमागे हा अनुभव उभा होता. रोममध्ये जन्मलेला बालमानसाचा एक सिद्धांत डहाणूच्या जंगलपट्टीत पुन्हा तपासला गेला आणि बदलला गेला. विद्यार्थ्यांनी हा भाग समाजसेवेचा इतिहास म्हणून वाचू नये. हे संशोधन होते, आणि व्हिगॉट्स्कीइतक्याच गांभीर्याने ते अभ्यासले पाहिजे.

त्याच परंपरेत पुण्यात १९६२ मध्ये मानसशास्त्राचे अभ्यासक असलेल्या वि. वि. ऊर्फ आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी मुले वाचायला कशी शिकतात यावर अनेक वर्षे काम केले. कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय काढले. या ठिकाणांची भूमिका एकसारखी नाही. काही बाबतींत त्यांच्यात चांगलेच मतभेद आहेत. मुलाला नीट पाहायचे आणि जे दिसेल त्यावरून शिकवणे बदलायचे, हा क्रम मात्र तिन्हीकडे सापडतो.

पदवीच्या अंगाने पाहिले तर कोठारी आयोगाने (१९६४–६६), ज्याचे सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक होते, शिक्षण हा स्वतंत्र ज्ञानविषय मानून पदवीच्या अभ्यासक्रमात वैकल्पिक विषय म्हणून ठेवावा अशी शिफारस केली होती. त्याआधीच, १९६३ मध्ये, अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर इथे प्रादेशिक शिक्षण महाविद्यालये निघाली आणि तिथे विषय व अध्यापन एकत्र शिकवणारे चार वर्षांचे अभ्यासक्रम आले. १९९४ मध्ये दिल्ली विद्यापीठाने बी.एल.एड. ही पदवी सुरू केली; बालविकास, भाषा, समाज आणि शाळेतला प्रत्यक्ष अनुभव चार वर्षे सोबत चालावेत अशी तिची आखणी होती. म्हणजे कल्पना नवी नाही. इतर विद्यापीठांत ती पसरली नाही, एवढेच. बहुतेक ठिकाणी आधी बी.ए., मग बी.एड. ही दोन मजल्यांची रचना कायम राहिली, आणि वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत खालचे मानसशास्त्र विसरलेले असते.

आता ही चर्चा पुन्हा का? एक कारण धोरणाचे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत शालेय शिक्षकासाठी चार वर्षांची एकात्मिक पदवी ही किमान पात्रता ठेवण्याचे ठरवले आहे, आणि ती दुहेरी प्रमुख विषयांची असावी असे म्हटले आहे: एक शिक्षणशास्त्र, दुसरा निवडलेला ज्ञानविषय. दुसरे कारण कायद्याचे. शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्ये शाळेतली शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बेकायदा ठरवले; २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला नाव देऊन मान्यता दिली. शिक्षकाला आज मारता येत नाही, हे चांगलेच झाले. पण मग चाळीस मुलांचा वर्ग कसा सांभाळायचा, याचे उत्तर त्याला कोणी दिलेले नाही. शिक्षक पात्रता परीक्षेत १५० पैकी ३० गुण बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राला असतात, आणि ते चार पर्यायांतून एक निवडून मिळतात.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची कोडी, वाट शोधण्याची चक्रव्यूहे, सोडवायला दिली. जात जाहीर केली नव्हती तेव्हा वरच्या आणि खालच्या मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांच्या कामगिरीत फारसा फरक नव्हता. सर्वांसमोर प्रत्येकाचे नाव आणि जात वाचून दाखवली, की दलित मुलांची कामगिरी घसरली. हा मानसशास्त्रीय प्रयोग आहे, पण त्यातली कृती आपल्या शाळांत रोज घडू शकणारी आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज वाटताना प्रवर्गाचे नाव घेऊन मुलांना उभे करणारा वर्ग ज्याने पाहिला आहे, त्याला हा निष्कर्ष कळायला आकडे लागणार नाहीत. ते अर्ज कसे वाटावेत हा प्रशासनाचा प्रश्न समजला जातो. तो मनाचाही आहे, आणि हे दोन्ही ओळखणारा माणूस शाळेत हवा.

याच दोन विषयांच्या नावाने बरेच खोटे नाणेही बाजारात फिरते, म्हणून सावध करतो. काही मुले डोळ्यांनी शिकतात, काही कानांनी, काही हातांनी, आणि ज्याच्या त्याच्या शैलीने शिकवले की निकाल सुधारतो, हे शिक्षकांच्या प्रशिक्षणात अजून सांगितले जाते. २००८ मध्ये हॅरॉल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन चाळले तेव्हा या दाव्याला पुरेसा आधार सापडला नाही. याउलट, वाचलेले पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून पाहिले तर ते जास्त टिकते, याला भक्कम पुरावा आहे, आणि त्याला पैसेही लागत नाहीत. बाजारात मात्र पहिली गोष्ट विकली जाते. पुरावा वाचता येणे, नमुना किती मुलांचा होता आणि तुलना कशाशी केली हे विचारणे, यासाठी संख्याशास्त्र लागते. या पदवीकडे येणारे बरेच विद्यार्थी त्याला घाबरतात. पुस्तकात ते टाळलेले नाही; प्रत्येक आकडा वर्गातल्या एखाद्या प्रश्नापासून सुरू होईल एवढी काळजी घेतली आहे.

पालकांसाठी एक स्पष्ट सांगणे गरजेचे आहे. ही पदवी घेऊन कोणी लगेच चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ होत नाही. त्यासाठी पुढचे शिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. एकात्मिक शिक्षक-पदवी नसेल तर शाळेत शिकवण्यासाठी बी.एड.सारखी शिक्षक-पात्रता वेगळी मिळवावी लागते. मग मिळते काय? समुपदेशन, विशेष शिक्षण, अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तक निर्मिती, बालविकासातले संस्थात्मक काम, शिक्षक-प्रशिक्षण, संशोधन, या सगळ्यांकडे जाणारा पाया. ब्रिटनमध्ये अशा संयुक्त पदव्या अनेक विद्यापीठांत आहेत, आणि तिथेही व्यवसायाची पात्रता पुढच्या टप्प्यावर मिळते. तीन-चार वर्षांत माणूस तयार होऊन बाहेर पडेल असे ज्या जाहिराती सांगतात, त्यांवर विश्वास ठेवू नये.

या पुस्तकाने काय करायचे ठरवले आहे, ते थोडक्यात. विचारप्रवाहांची यादी लावून ती वर्गाला चिकटवण्याचा मार्ग इथे घेतलेला नाही. वाचन, हिशेब, भीती, मैत्री, परीक्षा, घरची भाषा अशा शाळेतल्या गोष्टींपासून सुरुवात आहे, आणि प्रत्येक ठिकाणी दोन्ही विषय आपापली साधने घेऊन येतात. कुठे कुठे ते एकमेकांना खोडतात. परीक्षेवरच्या भागात स्मृतीचे संशोधन सांगते की वारंवार घेतलेल्या छोट्या चाचण्या शिकण्याला मदत करतात, आणि शिक्षणशास्त्र सांगते की आपल्याकडच्या परीक्षेने किती मुलांना शाळेबाहेर काढले. दोन्ही म्हणणी खरी आहेत. हा ताण लेखकांनी मिटवलेला नाही, आणि मला ते योग्य वाटते. उदाहरणे शक्य तिथे मराठी मुलखातली आहेत. नंदुरबारच्या पावरी बोलणाऱ्या मुलाला पहिलीत मराठी भेटते तेव्हा काय होते, हे समजायला इंग्रजी पुस्तकातले परदेशी वर्ग पुरे पडत नाहीत.

शिकवणाऱ्या प्राध्यापकांना एक विनंती. पहिल्याच सत्रात विद्यार्थ्यांना आठवड्यातून एक दिवस जवळच्या शाळेत किंवा अंगणवाडीत बसवा. सराव पाठ घ्यायला नको, नुसते पाहायला आणि टिपून ठेवायला. जाण्याआधी मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्यावी, आपण कशासाठी आलो आहोत हे वर्गशिक्षकांना नीट सांगावे, आणि निरीक्षणाच्या वहीत कोणत्याही मुलाचे खरे नाव, जात किंवा घरची परिस्थिती ओळखता येईल असे काही लिहू नये. वही महिन्यातून एकदा दोन्ही विभागांच्या शिक्षकांनी एकत्र बसून वाचावी. वेळापत्रकात त्यासाठी तास मिळणार नाही, हे मला ठाऊक आहे. तो मागून घ्यावा लागेल.